भाडे मालकाचे, मग भिंत कुणाची?

बेळगावात घर भाड्याने देताना होणारा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. ई-स्टॅम्पवर टाइप केलेला, कानडीत नाहीतर इंग्रजीत. सही करणारे दोघेही पुष्कळदा मराठी असतात. मालक अनगोळचा, भाडेकरू चंदगडहून किंवा खानापूरहून नोकरीसाठी आलेला. मजकूर दोघांनीही नीट वाचलेला नसतो, कारण दोघांचे लक्ष दोनच आकड्यांवर असते: भाडे किती आणि अ‍ॅडव्हान्स किती. त्या मजकुरात मध्येच कुठेतरी एक वाक्य हमखास सापडते. भाडेकरूने जागा स्वतः पाहून, पसंत करून, आहे त्या स्थितीत घेतली आहे. जागेत काही अपघात किंवा नुकसान झाल्यास मालक जबाबदार राहणार नाही.

माझे म्हणणे असे की हे वाक्य करारातून गेले पाहिजे, आणि ते छापलेले असले तरी कुणी मनावर घेऊ नये. भाडेकरूला जे दिसत नाही आणि ज्याला हात लावायची त्याला मुभा नाही, त्याची जबाबदारी भाडे घेणाऱ्याची. भिंत, स्लॅब, भिंतीतून गेलेली वायर, गच्चीवरची टाकी, जिन्याचा कठडा, न्हाणीघरातला धूर बाहेर जायची वाट. नळाचा वायसर भाडेकरूने बदलावा, बल्ब त्याने आणावा, मोरी तुंबली तर त्याने काढावी. त्यावर कुणाचे भांडण नाही. माझ्याही घरामागच्या दोन खोल्या भाड्याने आहेत, तेव्हा हे मी परक्याच्या खिशात हात घालून लिहीत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने किती मोकळा सोडला आहे, ते आधी पाहिले पाहिजे. हा भाग १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथे मुंबईचा १९४७चा भाडे नियंत्रण कायदा चालत होता. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे असे त्या कायद्यात स्वतंत्र कलम होते. पुढे १९६१चा राज्याचा कायदा आला आणि त्याच्या जागी कर्नाटक भाडे कायदा, १९९९ आला. तो ३१ डिसेंबर २००१पासून लागू झाला. या शेवटच्या कायद्याने एक मोठे दार उघडून दिले. त्याच्या हिशेबाने येणारे भाडे काही शहरांत महिना ३५०० रुपयांच्या आणि इतर ठिकाणी २००० रुपयांच्या वर असेल, तर ते घर कायद्याच्या बाहेर. धंद्याच्या जागेचे क्षेत्रफळ १४ चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तीही बाहेर. आज टिळकवाडीत किंवा सदाशिवनगरात दोन हजारांत खोली सोडा, गाडी लावायला जागा मिळेल का याची मला शंका आहे. म्हणजे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भाड्याने गेलेली बहुतेक घरे या कायद्याच्या छत्राखाली नाहीतच.

मग त्यांना काय लागू होते? १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचे १०८वे कलम मालक-भाडेकरूंची कर्तव्ये सांगते आणि ते वाचताना धक्का बसतो. मालकाने दुरुस्ती केलीच पाहिजे असे ते म्हणतच नाही. जागेत मोठा दोष असेल, तो मालकाला ठाऊक असेल, भाडेकरूला ठाऊक नसेल आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला तो कळण्यासारखा नसेल, तर मालकाने तो उघड करावा, एवढेच. सांगितले की सुटला. पुढे एक पोटकलम आहे: जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे, ती नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने स्वतः करून घ्यावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा. ऐकायला छान. पण कोणत्या दुरुस्तीला तो बांधलेला आहे, हे करारात लिहिलेले नसेल तर कोण ठरवणार? करार तर त्याच्याच माणसाने टाइप केलेला.

तरी या कलमात एक फट आहे आणि आपल्या वकिलांनी तिच्यात बोट घालायला हवे. करार किंवा स्थानिक रिवाज याच्या उलट नसेल तर, असे म्हणूनच हे कलम सुरू होते. आता आपल्या भागातला रिवाज काय आहे? जुन्या कौलारू घरांत मृगाच्या आधी कौले चाळायची ती मालकाने. फुटकी कौले बदलायची, वाशाला वाळवी लागली आहे का बघायची, पन्हळ साफ करायचे. शहापूर, वडगाव, खडेबाजार, निपाणी, खानापूर, कुठेही विचारा. कौलांवर चढलेल्या गड्याची मजुरी बिऱ्हाडकरूकडून मागणारा मालक अजून माझ्या ऐकण्यात नाही. घराचे छप्पर मालकाने राखायचे हा इथला रिवाज आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि कायद्याने रिवाजाला जागा दिलेली आहे. कौलाचा स्लॅब झाला म्हणून तो रिवाज मोडला असे कुणी म्हणू नये.

आता न्हाणीघराकडे येतो, कारण माणसे सगळ्यात मुकाट्याने मरतात ती तिथे.

भाड्याच्या खोल्यांतले न्हाणीघर डोळ्यांसमोर आणा. चार फूट बाय पाच फूट. वर एक झरोका, आणि पावसाळी वारा आत येतो म्हणून त्याला पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक लावलेले. बादलीच्या वर भिंतीला गॅस गीझर, त्याची नळी भोकातून बाहेर बोळात ठेवलेल्या सिलिंडरला. दार आतून कडी लावून बंद. आपल्याकडे जून ते फेब्रुवारी गरम पाण्याशिवाय कुणी आंघोळ करत नाही, आणि थंडीत माणूस पाच मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटे आत रेंगाळतो. गॅस जळायला हवा लागते. त्या एवढ्याशा खोलीतली हवा कमी पडली की ज्योत निळ्याची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. माणसाला जरा चक्कर येते, बसावेसे वाटते, आणि उठून कडी काढायची ताकद राहत नाही. बाहेरच्यांना वाटते, अजून आंघोळ चाललीय. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातून येत असतात, आणि त्यांत भाड्याच्या घरात राहणारी तरुण जोडपी, शिकणारी मुले पुष्कळ असतात.

तो गीझर न्हाणीघराच्या आत कुणी बसवला? बहुतेक वेळा मालकाने. विजेचा गीझर जुन्या वायरिंगला झेपत नाही, शिवाय सिलिंडरचा खर्च भाडेकरूच्या गळ्यात जातो, म्हणून. यंत्र बाहेर बोळात किंवा गॅलरीत बसवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणायचा, एवढेच करायचे असते. प्लंबरचे एक दिवसाचे काम आहे. हे न करणाऱ्या मालकाने भाडेकरूला ‘झरोका उघडा ठेवत जा’ असे सांगितले होते, असा बचाव मला पटत नाही. ज्या यंत्राच्या जागेवर माणसाचा जीव अवलंबून आहे, ती जागा ठरवणाऱ्याने परिणामही स्वीकारला पाहिजे.

इथे केंद्राच्या नमुना भाडेकरार कायद्याशी माझे जमत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१मध्ये मंजूर केलेला हा नमुना आहे; राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यात चांगले बरेच आहे. राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत नाही. दुरुस्त्यांची यादीच जोडलेली आहे: इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप बदलणे, आतली-बाहेरची वायरिंग हे मालकाकडे, नळाचे वायसर, मोरीची सफाई, स्विच-सॉकेट, काचा, कडीकोयंडे हे भाडेकरूकडे. मालकाने काम टाळले तर भाडेकरूने करून घ्यावे आणि पैसे भाड्यातून कापावेत, पण एका महिन्यात निम्म्या भाड्यापेक्षा जास्त नाही. इतपत ठीक. पण त्याच यादीत गीझरची दुरुस्ती आणि सर्किट ब्रेकरची दुरुस्ती भाडेकरूच्या माथी मारली आहे. यादी करणाऱ्याच्या नजरेसमोर बहुधा दिल्लीतला एखादा फ्लॅट असावा. आमच्याकडे गीझर आणि ब्रेकर हेच दोन जीवघेणे पदार्थ आहेत, आणि नेमके तेच मालकाच्या हिशेबातून वगळले गेले आहेत. कर्नाटकाने हा नमुना कधी उचलला तर या दोन ओळी खोडूनच उचलावा.

ब्रेकरवरून आठवले. २०२३मध्ये राज्य सरकारची गृहज्योती योजना आल्यापासून २०० युनिटांपर्यंतची वीज भाडेकरूलाही फुकट मिळू लागली. आर. आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, मालकाच्या नावावर असला तरी करार दाखवून नोंद होते. गरिबाच्या घरात उजेड आला, चांगलेच झाले. पण त्याबरोबर इंडक्शनची शेगडी आली, बादलीत टाकायचा हीटरचा रॉड आला, जुना फ्रीज आला. वायर मात्र तीच, एक बल्ब आणि एक पंखा डोळ्यांसमोर ठेवून तीस वर्षांपूर्वी टाकलेली अ‍ॅल्युमिनियमची. अर्थिंग म्हणाल तर मीटरजवळ एक तार जमिनीत गेलेली दिसते. ती खाली कशाला जोडली आहे हे घर बांधणाऱ्या गवंड्यालाच माहीत. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या पुढे घर कुणाचे? गळतीचा करंट ३० मिलिअँपियरवर गेला की लाइन तोडणारे यंत्र आज एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी किमतीत येते. ते न बसवता खोली भाड्याने देणे हा निष्काळजीपणा आहे, आणि मी हा शब्द कायद्याच्या अर्थाने वापरतो आहे. समंजस माणसाने जे केले असते ते न करणे, आणि त्यातून दुसऱ्याला इजा होणे.

मालक यावर काय म्हणतात तेही मला माहीत आहे. ‘काय होत नाही ओ, वीस वर्षं झाली, तसंच चाललंय की.’ वीस वर्षे काही झाले नाही हा पुरावा कशाचा आहे? दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१मध्ये कोसळला तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. त्या तऱ्हेच्या बांधकामाचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षे. पालिकेचा बचाव असा होता की वरून काही दोष दिसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६मध्ये हा बचाव मानला नाही. मनोरा पालिकेच्या ताब्यात होता, असा मनोरा निगा राखली तर आपोआप कोसळत नाही, तेव्हा कोसळणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा. शिवाय रस्त्याकडेच्या इमारतीच्या मालकाला लपलेल्या दोषाचीही जबाबदारी टाळता येत नाही, कारण वेळोवेळी तपासणी करून घेणे हेच त्याचे काम. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात माडीची गॅलरी रस्त्यावर आलेली असते, तिच्या खाली भाजीवाल्या बसतात. त्या मालकांनी हा निकाल कुणाकडून तरी समजून घ्यावा.

याच निकालामुळे करारातल्या त्या वाक्याची पोकळीही दिसते. खाली बसलेल्या बाईने करारावर सही केलेली नाही. भाडेकरूच्या बायकोनेही केलेली नाही. इंग्लंडात १९०६ साली असेच एक प्रकरण झाले. स्वयंपाकघराची फळ्यांची जमीन कुजलेली, मालकाच्या माणसाने दुरुस्तीचा शब्द दिलेला, आणि भाडेकरूची बायको त्या जमिनीतून खाली गेली. तिथल्या उमरावांच्या सभागृहाने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हटले, करार नवऱ्याशी होता, बायकोचा मालकाशी काही संबंध नाही. हा अन्याय काढून टाकायला इंग्लंडला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. १९५७ आणि १९७२ असे दोन स्वतंत्र कायदे करावे लागले. आपण असा कायदा केलेला नाही. आपल्याकडेही करार घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाने होतो, आणि दिवसाचे चौदा तास घरात वावरते ती बाई. पाय घसरतो तो तिचा, शॉक लागतो तो तिला, न्हाणीघरात पहिली जाते तीही बहुतेक तीच. मालकाने नवऱ्याकडून लिहून घेतलेली माफी तिला कशी बांधील?

जीव गेला तर पोलीस येतात, हे खरे. भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १ जुलै २०२४पूर्वीच्या दंडसंहितेत ती दोन वर्षे होती. पण फौजदारी खटल्यात मालकाला शिक्षा झाली तरी मागे राहिलेल्यांच्या चुलीत लाकूड जात नाही. त्यासाठी १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा लावावा लागतो, तोही मृत्यूपासून दोन वर्षांत. दिवसकार्य, गावी जाणे, दुसरी खोली बघणे यात ही दोन वर्षे कशी जातात ते कळत नाही. पुष्कळांना असा दावा असतो हेच माहीत नसते. मग मालक सहानुभूतीने पंचवीस-पन्नास हजार हातावर ठेवतो, गल्लीतले पंच मध्यस्थी करतात आणि प्रकरण मिटते. त्याला मी मिटवामिटवी म्हणेन, न्याय नव्हे.

वडगाव-खासबागेतल्या विणकरांचे घर हा आणखी निराळा मामला आहे. तिथे घर आणि कारखाना एकच. पुढच्या सोप्यात यंत्रमाग, मागे चूल आणि माजघर. माग चालू झाला की फडताळातली भांडी वाजतात. खाली जमीन थरथरते, शेजारी मातीची भिंत, आणि पावसाळ्यात त्या भिंतीच्या बुडाशी ओल चढलेली. भाडेकरू विणकर असेल तर मालक म्हणणार, भिंत तुझ्या मागाने हलवली. आणि वरवर ते खरेही वाटते. पण १०८व्या कलमातली दोष उघड करण्याची अट अशी आहे की जागा ज्या वापरासाठी दिली त्या वापराच्या दृष्टीने दोष पाहायचा. माग लावायलाच जागा दिली, भाडेही त्या हिशेबाने जास्त घेतले, तर मागाचा हादरा सोसायला ती भिंत लायक आहे की नाही हे मालकाने बघायला हवे होते. राहायला दिलेल्या खोलीत कुणी गुपचूप माग आणून बसवला तर गोष्ट वेगळी; तिथे मी मालकाच्या बाजूने उभा राहीन.

भिजलेली मातीची भिंत काय करते हे आपल्या तालुक्याला शिकवायची गरज नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये बडाल अंकलगीला घर कोसळून सात माणसे गेली. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात जिल्ह्यात किती भिंती बसल्या ते सगळ्यांनी पाहिले. त्या पुरानंतर सरकारने पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख जाहीर केले. ते अर्थात घर ज्याच्या नावावर त्याला. त्या घरात भाड्याने राहणाऱ्याची गादी, धान्य, शिलाई मशीन आणि मालकाकडे अडकलेला अ‍ॅडव्हान्स, याचा हिशेब कुठल्याच रकान्यात बसला नाही. पुराने घर राहण्याजोगे उरले नाही तर करार मोडायचा हक्क कायदा भाडेकरूला देतो. अ‍ॅडव्हान्स मात्र मालक घर पुन्हा बांधून झाल्यावर देतो, नाहीतर देतच नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. आपल्याकडचे सगळे मालक काही इमारती बांधून भाडे खाणारे नाहीत. एखाद्या गल्लीत विधवा बाई राहते, मागच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर तिचे औषधपाणी चालते. तिने अभियंता कुठून आणायचा? जुन्या वाड्यांतली अवस्था याहून अवघड. आजोबांच्या काळापासूनचा भाडेकरू, भाडे असे की त्यात एक पोते सिमेंटही येऊ नये, आणि तो खोली सोडत नाही. मालक म्हणतो, मी घर दुरुस्त करू आणि त्याने आणखी तीस वर्षे फुकट राहावे? हा राग मला समजतो. इतके कमी भाडे देणाऱ्याने इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीत खर्चाचा वाटा उचलला पाहिजे; नुसते हक्क सांगून चालणार नाही.

पण या रागाच्या आडून एक गोष्ट चालते आणि तिच्याबद्दल उघड बोलले जात नाही. मालकाला घर पडायला हवे असते. कौले मुद्दाम चाळायची नाहीत, पाणी आत मुरू द्यायचे, तुळई कुजू द्यायची. दोन-चार पावसाळ्यांत भाडेकरू घाबरून निघून जातो किंवा घर बसते, आणि मोकळ्या झालेल्या जागेची किंमत घरापेक्षा कितीतरी जास्त. राज्याच्या १९७६च्या महापालिका कायद्याने आयुक्तांना धोकादायक इमारत दुरुस्त करायला लावण्याचा, रिकामी करण्याचा अधिकार आहे. पावसाळ्याच्या तोंडावर नोटिसा निघतात. गंमत अशी की त्या नोटिशीने मालक मनातून खूश होतो आणि भाडेकरू ती दडवतो, कारण खोली एकदा सोडली की परत मिळेल याची खात्री नसते. म्हणून माणसे तडकलेल्या तुळईखाली झोपतात. पालिका कागद चिकटवून मोकळी होते. नोटिशीबरोबर त्या भाडेकरूच्या नावाने, क्षेत्रफळासह, नव्या बांधकामात त्याला जागा देण्याचे बंधन मालकावर लिहून दिले तर तो उद्या बाहेर पडेल. जोवर ते होत नाही तोवर धोकादायक घरात राहण्याचा दोष भाडेकरूवर टाकू नये. आणि घर मुद्दाम कुजवणाऱ्याला निष्काळजी म्हणणेसुद्धा सौम्य झाले.

त्या विधवा बाईबद्दल माझे उत्तर कठोर वाटेल. भाडे कमी आहे म्हणून धोका कमी होत नाही. जी खोली सुरक्षित करता येत नाही ती भाड्याने देऊ नये. तिथे सरपण ठेवावे. शिवाय मी जे मागतो आहे ते फार महाग नाही. वायरमनला वर्षातून एकदा बोलावून अर्थिंग तपासणे, गीझर बाहेर काढणे, कठडा घट्ट करणे, टाकीखालचा स्लॅब बघणे. भिंत पाडून बांधा असे मी म्हणत नाही. खर्च परवडत नसेल तर दोन महिन्यांचे भाडे त्यात घालावे आणि भाडेकरूला तसे सांगून टाकावे. पुष्कळ भाडेकरू यासाठी पदरचे पैसे आधी देतात, हे मी पाहिले आहे.

खरी ढिलाई आहे ती नव्या मालकांत. पुण्यात, बेंगळुरात किंवा आखातात नोकरी, आणि गुंतवणूक म्हणून हनुमाननगरला नाहीतर व्हीटीयूच्या, म्हणजे तंत्रविद्यापीठाच्या, बाजूला मच्छेच्या रस्त्यावर तीन मजली इमारत. चाव्या एजंटकडे. भाडे फोनवर जमा होते. भाडेकरूने गळतीचा फोटो पाठवला की दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. एजंट म्हणतो मालकाला विचारतो, मालक म्हणतो एजंटला सांगा. यांना मी सांगेन: तुमच्या कामाला नेमलेल्या एजंटला कळले म्हणजे तुम्हाला कळले. तो फोटो हीच नोटीस आहे. उद्या न्यायालयात ‘मला माहीत नव्हते’ म्हणायची सोय त्या दोन खुणांनी संपवली आहे.

याच इमारतींचे पुढे पीजी, म्हणजे पेइंग गेस्टची वसतिगृहे, होतात. एका खोलीत सहा खाटा, एका मजल्याला एक जिना, खिडक्यांना जाळ्या. बेंगळुरू महापालिकेने २०२४मध्ये पीजींसाठी नियम काढले, त्यात माणशी किमान ७० चौरस फूट जागा आणि दिवसाला १३५ लिटर पाण्याची अट आहे. बेळगावात इंजिनिअरिंगची, मेडिकलची, पॉलिटेक्निकची मुले काही कमी नाहीत. इथल्या पालिकेला तसे नियम करायला कोणी अडवलेले नाही. धारवाडच्या कुमारेश्वरनगरात १९ मार्च २०१९ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून १९ जण मेले; खालची दुकाने आधीच चालू होती. भाडे लवकर सुरू व्हावे म्हणून अर्धवट इमारतीत माणसे घालायची ही घाई बेळगावातही दिसते, फक्त अजून आपली पाळी आलेली नाही.

करारात काय लिहावे याबद्दल माझे मत आहे. त्या जबाबदारी झटकणाऱ्या वाक्याच्या जागी एक पान जोडावे, दोघांना वाचता येईल अशा भाषेत. म्हणजे गरज असेल तिथे मराठीत. वायरिंग शेवटची कधी तपासली, कुणी तपासली, गीझर कुठे आहे, टाकी किती लिटरची आणि कशावर उभी आहे, भिंतीला आज कुठे भेगा आहेत. भेगांचे फोटो तारखेसह. या पानाचा मालकालाही फायदा आहे: भाडेकरूने खिळे ठोकून, जादा वायर ओढून, गच्चीवर सामान रचून नुकसान केले तर ते ओळखता येईल. दोष सांगितला म्हणून मालक सुटला, असे मात्र या पानाने होऊ नये. ‘जिना मोडका आहे’ असे लिहून दिले तरी रात्री लाइट गेल्यावर भाडेकरूला त्याच जिन्याने खाली यायचे असते.

विम्याचाही विचार व्हावा. इमारतीचा विमा बँकेने कर्जापोटी सक्तीने काढायला लावलेला असतो, पण तो इमारतीचा. भाडेकरूला किंवा वाटसरूला झालेल्या इजेची भरपाई त्यात आपोआप येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. एकापेक्षा जास्त घरे भाड्याने देणाऱ्यावर हा विमा सक्तीचा करावा, असे मला वाटते. गाडी रस्त्यावर आणायची तर तिसऱ्या माणसाचा विमा लागतो. तीन मजल्यांत चाळीस मुले ठेवणाऱ्याला तो लागत नाही, हे कसे काय? पालिकेने पीजीचा व्यवसाय परवाना देताना आणि दरवर्षी नवा करताना एवढा एक कागद मागितला तरी विमा कंपनीचा माणूस स्वतःच येऊन वायरिंग बघून जाईल, कारण पैसे त्याच्या कंपनीचे जाणार असतात. पालिकेच्या निरीक्षकापेक्षा तो जास्त बारकाईने बघेल, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.